रॅकून पाठ, काळिंदर परका

गेल्या काही वर्षांत आपल्या मंडळाच्या पत्रिकेत परदेशवासाच्या वर्णनांची संख्या वाढली आहे. मुलगा वा मुलगी टोरोंटोस किंवा न्यू जर्सीस स्थायिक झाली, सहा महिने तिकडे काढून आई-वडील परत आले, आणि परतल्यावर त्यांनी लेख लिहिला, हा क्रम आता आपल्या अंगवळणी पडला आहे. त्या लेखांत हिमवृष्टी असते, स्वच्छ रस्ते असतात आणि रात्री अंगणातील कचरापेटी उघडणारा, डोळ्यांवर काळा पट्टा बांधल्यासारखा दिसणारा रॅकूनही हमखास असतो. त्याच्या करामतीचे वर्णन आमचे ज्येष्ठ सभासद इतक्या जिव्हाळ्याने करतात, की वाचणाऱ्यास तो जांबोटीच्या बाजारात भेटेल असे वाटावे. लेखन वाईट असते असे मुळीच नाही. माझा आक्षेप वेगळा आहे. ज्या गृहस्थास टोरोंटोच्या रॅकूनचे शेपटीवरील कडे मोजता येते, त्यास स्वतःच्या माळ्यावर तीन पिढ्या नांदलेल्या काळिंदराचे नाव सांगता येत नाही. विचारले तर तो म्हणतो, ‘ते काहीतरी उदमांजर की काय ते.’ हे ‘की काय ते’ मला खटकते, आणि त्यावर चार कठोर शब्द लिहिणे मला कर्तव्य वाटते.

प्रथम रॅकूनविषयी, म्हणजे मी त्या बिचाऱ्याचा द्वेष करतो असा समज होऊ नये. तो उत्तर अमेरिकेचा मूळ रहिवासी. पुढच्या पंजांची बोटे इतकी संवेदनशील, की पाण्यात चाचपडून तो खेकडा शोधतो. पिंजऱ्यातला रॅकून अन्न पाण्यात बुडवतो, त्यावरून तो अन्न धुतो अशी समजूत रूढ झाली. त्याच्या शास्त्रीय नावातील ‘लोटर’ या शब्दाचा अर्थच धुणारा. जर्मन आणि जपानी या दोन्ही भाषांत त्याचे नाव धुणारे अस्वल असे आहे. 1758 साली लिनियसने त्यास अस्वलांच्याच गटात बसविले होते. टोरोंटो शहराने 2016 साली रॅकूनला उघडता येऊ नये अशा खास कड्यांच्या कचरापेट्या घरोघर वाटल्या, एवढा त्याचा तेथे दरारा.

परंतु आमच्या लेखकांना रॅकूनचीही पुरती ओळख नसते, कारण त्याच्या गोतावळ्याबद्दल कोणी अवाक्षर काढीत नाही. मेक्सिकोच्या किनाऱ्याजवळील कोझुमेल बेटावर बुटका रॅकून आहे. तो जगात अन्यत्र कोठेही नाही आणि आज नष्ट होण्याच्या अगदी काठावर उभा आहे. दक्षिण अमेरिकेत खेकडे खाणारा रॅकून आहे, लांब नाकाचा, दिवसा टोळीने हिंडणारा कोआटी आहे, झाडाच्या फांदीला शेपटीने लोंबणारा आणि फळांवर जगणारा किंकाजू आहे. सर्वांत बोधप्रद कथा आहे ओलिंगिटोची. इक्वेडोर आणि कोलंबियाच्या ढगाळ डोंगरांतील हा लहानसा, तांबूस, दाट लोकरीचा प्राणी. त्याची कातडी आणि कवट्या अनेक दशके अमेरिकेतील संग्रहालयांच्या खणांत दुसऱ्याच प्राण्याच्या नावाने पडून होत्या. त्यातील एक मादी तर गेल्या शतकातील साठ-सत्तरच्या दशकांत अमेरिकेतील निरनिराळ्या प्राणिसंग्रहालयांत जिवंत फिरविली गेली. जोडीदार म्हणून दिलेल्या नरांशी ती जुळवून घेईना. घेणार कशी? ती त्या जातीची नव्हतीच. 2013 साली क्रिस्टोफर हेल्गन आणि सहकाऱ्यांनी ते खण पुन्हा तपासले आणि एक स्वतंत्र जाती जगासमोर मांडली. प्राणी डोळ्यांसमोर होता, नाव चुकीचे होते, म्हणून तो कोणालाच दिसला नाही. आयुष्याची तेहेतीस वर्षे सरकारी कागदांत काढलेल्या माणसास या गोष्टीचे नवल वाटत नाही. कागदावर ज्याचे नाव चुकले तो इसम हयात असूनही नसल्यासारखाच.

आता आपल्या घरची स्थिती पाहा. मुलांसाठी भाषांतरित केलेल्या एका चित्रमय पुस्तकात रॅकूनच्या चित्राखाली ‘उदमांजर’ असा शब्द छापलेला मी पाहिला. भाषांतरकाराचा हेतू वाईट नसेल. तोंडावर काळपट मुखवटा, रात्रीचा संचार, घराच्या छपरावर वावर, एवढे साम्य पाहून त्याने शब्द उचलला. मात्र हे साम्य वरवरचे आहे. मांसभक्षक गणाच्या दोन मोठ्या शाखा मानतात. एका शाखेत कुत्रा, अस्वल, ऊद आणि रॅकून. दुसऱ्या शाखेत मांजर, मुंगूस, तरस आणि आपला काळिंदर. म्हणजे काळिंदर हा मांजराच्या बाजूचा, रॅकून अस्वलाच्या बाजूचा. दोघांचे पूर्वज कोट्यवधी वर्षांपूर्वी वेगळे झाले. रॅकूनचा नातलग भारतात शोधायचाच असेल तर तो सिक्कीम-अरुणाचलच्या बांबूच्या रानातला तांबडा पांडा, किंवा त्याहून जवळ म्हणजे काळी नदीच्या खोऱ्यात आणि गोव्याच्या खाड्यांत पोहणारा ऊद. आणि तो रॅकून डॉग नावाचा पूर्व आशियातील प्राणी तर नावापुरताच रॅकून. तो कुत्र्या-कोल्ह्यांच्या कुळातला.

येथे शब्दाचा गुंता सुरू होतो आणि मंडळाच्या सभासदांनी लक्ष घालावे ते येथेच. ‘ऊद’ हा संस्कृत ‘उद्र’ शब्दापासून आला. उद्र म्हणजे पाण्यातला प्राणी. इंग्रजी ‘ऑटर’ हा शब्दही त्याच मूळ धातूचा. म्हणजे आपल्या घाटातील गवळी ज्यास ऊद किंवा हूद म्हणतो आणि लंडनचा विद्वान ज्यास ऑटर म्हणतो, ते दोन्ही शब्द एकाच आजीचे नातू. इतका प्राचीन शब्द आपल्या तोंडी आहे आणि आपण त्याची काय दशा केली? पाण्यातला तो ऊद, पाणमांजर आणि जलमाणूसही तोच. आणि झाडावरचा, पाण्याशी काडीचा संबंध नसलेला प्राणी उदमांजर. माझ्या मते हे दुसरे ‘ऊद’ निराळे असावे. जाळावयाच्या सुगंधी उदाचे. या प्राण्याच्या अंगास एक गोडसर वास असतो. रात्री तो परसातून गेला की नव्या सुवासिक तांदळाची पेज उकळते आहे असा भास होतो. नाक शाबूत असलेल्या कोणत्याही जुन्या माणसास हे ठाऊक आहे. व्युत्पत्ती कोणतीही घ्या, एकाच शब्दाच्या पोटात दोन प्राणी कोंबले गेले, हे खरे.

आणि गंमत अशी की गुंता सोडविणारे शब्द आपल्यापाशी होतेच. काळिंदर, काळमांजर, ताडमांजर, घाटाखाली काटांदर, ऊस आणि फळबाग राखणाऱ्यांच्या तोंडी कांडेचोर. हे सगळे झाडावरच्याचे. जमिनीवर फिरणारा, अंगावर ठिपक्यांच्या रांगा आणि शेपटीवर कडी असलेला तो जवादी मांजर. त्याच्या ग्रंथीतून निघणाऱ्या सुगंधी द्रव्यास जवादी म्हणतात, आणि हा शब्द अरबांकडून आपल्याकडे आला. कन्नड शेजारी त्यास पुनुगु बेक्कु म्हणतात. बाऊल म्हणजे रानमांजर, वाघाटी त्याहून वेगळी. प्रत्येक शब्दामागे कोणीतरी नीट पाहिले होते. आज वर्तमानपत्रात बातमी येते ती ‘दुर्मिळ प्राणी आढळला’ अशी. छायाचित्र पाहावे तर शेजारच्या गोठ्यात रोज येणारा काळिंदर. दुर्मिळ झाले आहे ते त्यास ओळखणारे माणूस. मी सेवेत असताना एका कचेरीत एक पंचनामा वाचला होता. त्यात रस्त्यावर मेलेल्या जनावराचे वर्णन ‘मांजरसदृश श्वापद, रंग काळसर’ एवढेच. पाच पंच, पाचांच्याही सह्या. त्यांतील कोणाच्याही आजीने ते एका शब्दात सांगितले असते.

नावे गेली की प्राणी जातो, यास पुरावा हवा असल्यास तो फार दूर नाही. होन्नावरपासून कन्याकुमारीपर्यंतच्या किनारपट्टीतील अरण्यात मोठे मलबारी जवादी मांजर आढळते, असे एकोणिसाव्या शतकात टी. सी. जर्डन याने नोंदविले. विसाव्या शतकात ते दिसेनासे झाले. 1987 साली केरळात नीलांबूरच्या बाजूस त्याची कातडी हाती लागली, अलीकडच्या काळातला खात्रीचा पुरावा नाही. झाडांवर स्वयंचलित कॅमेरे बांधून शोध घेतला गेला, पण छायाचित्र मिळाले नाही. जागतिक संघटनेच्या यादीत ते अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदले आहे. काही अभ्यासक तर ते मुळात येथले होते की सुगंधी द्रव्याच्या व्यापारासाठी बाहेरून आणलेले, येथपासून शंका घेतात. किनाऱ्यावरचा एवढा थोराड प्राणी; तो होता की नव्हता याचाही निवाडा आज होत नाही.

आपल्या भागाचे भाग्य असे की येथे अजून काही शिल्लक आहे. जर्डनच्याच नावाने ओळखला जाणारा तपकिरी काळिंदर हा केवळ सह्याद्रीचा. जगात दुसरीकडे नाही. दक्षिणेस कळक्काडपासून उत्तरेस कॅसलरॉकपर्यंत त्याचा वावर सांगितला आहे. कॅसलरॉक म्हणजे आपल्या खानापूरच्या शेजघरचे स्थानक! ज्याची उत्तर सीमा आपल्या उंबऱ्याशी आहे त्या प्राण्याबद्दल खानापूर, जांबोटी, कणकुंबीच्या किती मराठी घरांत आजवर एक वाक्य बोलले गेले? दिव्या मुदप्पा यांनी दक्षिण टोकाच्या वर्षावनात वर्षानुवर्षे त्याचा पाठपुरावा केला. हा मांसभक्षक गणातला प्राणी मुख्यतः फळांवर जगतो, पन्नासांहून अधिक जातींच्या झाडा-वेलींची फळे खातो आणि बिया न चावता दूरवर टाकतो, असे त्यांना आढळले. आपला साधा काळिंदरही त्याच पंथाचा. भेर्लीमाड, जांभूळ, उंबर यांची रोपे जेथे कोणी लावली नाहीत तेथे उगवतात, त्यांतील कित्येकांचा माळी हाच. 2011 साली भीमगड अभयारण्य जाहीर झाले. त्याविषयी बोलताना वाघ, बिबळा आणि फार तर तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहेतील वटवाघळे यांचा उल्लेख होतो. वटवाघळांस एका साहेबाचे नाव मिळाले म्हणून ती ग्रंथात तरी आली. जे रान त्या वाघास आडोसा देते त्याची बी पेरणाऱ्याचा उल्लेख मात्र कोठेही नाही.

आता आरोपपत्राकडे वळू, कारण काळिंदरावर दोन आरोप आहेत आणि दोन्हींच्या नावाखाली तो मारला जातो.

पहिला आरोप भयंकर आहे. तो स्मशानात पुरलेली तान्ही मुले उकरतो म्हणतात. ‘मसन्याऊद’ हे त्याचे नाव या समजुतीचेच अपत्य. हिंदी मुलखातही कबर उकरणारा म्हणून त्याची आणि दुसऱ्या एका बिळे खणणाऱ्या जनावराची एकत्रच बदनामी आहे. मी एवढेच विचारतो: ज्याच्या नख्या झाड चढण्यास घडल्या आहेत, ज्याचे वजन दोन-तीन किलो, क्वचित पाच, जो फळे, उंदीर, किडे खातो, तो दगड सारून कमरेइतकी माती कशी उकरील? उथळ खड्डे उकरतात ती मोकाट कुत्री आणि क्वचित कोल्हे. परंतु कुत्र्यांचा बंदोबस्त करणे हे काम आहे आणि काळिंदरास काठीने ठेचणे हा पुरुषार्थ, म्हणून आपण दुसरा मार्ग निवडतो. त्या काठीमागे दुःखी मातापित्यांचा आक्रोश उभा केला की जाब विचारण्याची कोणाची छाती होत नाही. सुशिक्षित माणसेही मान डोलावतात. हा भित्रेपणा आहे, त्यास परंपरा म्हणू नये.

दुसरा आरोप बागेचा. काजूच्या हंगामात तो बोंडे खातो, फणस फोडतो, कोंबडीचे पिल्लू नेतो. यातील पिल्लाचा भाग खरा आहे. खुराडे बंद न ठेवणाऱ्याने तो सोसावा. बोंडाविषयी बोलायचे तर त्यास रस हवा असतो, बी नको असते. काजूच्या कवचातील तेल तोंड पोळते. बी झाडाखालीच पडून राहते. आपल्याकडे बोंडास विचारतो कोण? बहुतेक बोंडे कुजून जातात. तरीही कुंपणास तारेचे फास लागतात, आणि त्या फासात काळिंदरापाठोपाठ ससा, साळिंदर आणि एखादे वेळी बिबळ्याचे पिल्लूही अडकते. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या प्राण्यांची शिकार दंडनीय आहे, हे फास लावणाऱ्यास ठाऊक नसते असे नव्हे. मांसाबद्दल, आणि त्याची चरबी सांधेदुखीवर गुणकारी या भाकडकथेबद्दल, मी येथे अधिक लिहीत नाही. बेळगावहून चोर्ल्याकडे जाणाऱ्या आपल्या रस्त्यावर रात्री गोव्याची वाहने ज्या वेगाने धावतात त्यात किती जीव चेपले जातात, हे पहाटे फिरावयास जाणाऱ्यांनीच सांगावे.

या लेखनाचा मी मंडळाच्या एका बैठकीत तोंडी उच्चार केला तेव्हा एक सन्माननीय सभासद उसळून म्हणाले, ‘रावसाहेब, येथे मराठी माणसाचे अस्तित्व पणास लागले आहे आणि तुम्ही मांजरांचे काय घेऊन बसलात?’ त्यांच्या तळमळीविषयी मला आदर आहे. 1956 च्या राज्यपुनर्रचनेपासून या भागाने काय सोसले, 1967 च्या महाजन अहवालाने काय दुखावले, 2004 साली सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल झाला तो कोठे येऊन थांबला, हे मला सांगावयास नको. कर्नाटक शासनाची चाकरी करून घरी मराठी पत्रिका मागविणाऱ्या माणसास हे दुखणे दुहेरी कळते. तरीही त्यांच्या प्रश्नास माझे उत्तर स्पष्ट आहे. आपण दुकानाच्या पाटीवरील एका मराठी ओळीसाठी मोर्चे काढतो. 2014 साली शहराचे नाव शासकीय कागदात बदलले तेव्हा आपण किती शाई खर्च केली! आणि त्याच काळात जांबोटीपासून आमगावपर्यंतच्या रानातील शेकडो मराठी शब्द, कोणत्याही शासनाने न हिरावता, आपल्या हातून गळून गेले. त्यांवर बंदी आली नव्हती. आपणच ते मुलांना सांगितले नाहीत. इंग्रजी शाळेतील नातू ‘आर फॉर रॅकून’ म्हणतो तेव्हा आजोबा टाळ्या वाजवितात. काळिंदर हा शब्द कोणत्या आयोगाने काढून घेतला?

मारुती चितमपल्ली यांचे उदाहरण याच कारणास्तव देतो. तेही सरकारी नोकर, वनखात्यातले. गोंड, माडिया, कोळी, पारधी अशा माणसांजवळ बसून त्यांनी शब्द टिपले आणि त्यातून पक्षीकोश, प्राणीकोश उभे केले. 2006 साली सोलापूरच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. 2025 साली त्यांचे निधन झाले. विदर्भाच्या रानाचे शब्द त्यांनी वाचविले. आपल्या सीमेवरील रानाचे शब्द कोणी टिपायचे? विदर्भाहून कोणी येणार आहे काय?

शब्दाचे दुर्लक्ष आणि प्राण्याचे वेड एकत्र आले म्हणजे काय होते, हे जपानने पाहिले आहे. 1977 साली तेथे दूरदर्शनवर एका पाळीव रॅकूनची चित्रमालिका गाजली. घरोघरी मुलांनी रॅकून मागितला, अमेरिकेतून पिल्ले आयात झाली. पिल्लू मोठे होऊन चावू लागले तसे लोकांनी ते रानात सोडले. आज जपानच्या जवळजवळ सर्व प्रांतांत रॅकून पसरला आहे, पिके खातो आणि पुरातन मंदिरांच्या लाकडी छपरांची नासधूस करतो. त्यांच्या लोककथांतील तानुकी हा देशी प्राणी त्याच्या शेजारी आता अंग चोरून राहतो. जर्मनीत 1934 साली एडर सरोवराकाठी अवघ्या दोन जोड्या सोडल्या होत्या. आता संख्या लाखांच्या घरात आहे आणि 2016 पासून युरोपने त्यास उपद्रवी परकी जाती ठरविले आहे. आपल्याकडे विदेशी प्राणी पाळण्याचा षोक शहरांतून वाढतोच आहे. 2022 साली आपल्या कायद्यात दुरुस्ती होऊन आंतरराष्ट्रीय करारातील यादीतल्या विदेशी प्राण्यांची नोंदणी सक्तीची झाली. रॅकून त्या यादीतच नाही. परक्या उपद्रवी जातींवर निर्बंध घालण्याचा अधिकार त्याच दुरुस्तीने केंद्रास दिला आहे, तो वेळेवर वापरला जावा. सह्याद्रीचे हवामान आणि आपला कचरा, दोन्ही रॅकूनला मानवतील.

मंडळाकडे माझी मागणी माफक आहे. पुढील चार अंकांत प्रत्येकी दोन पाने राखून ठेवावीत. तळेवाडी, गवाळी, कृष्णापूर, हेमडगा, कणकुंबी येथील वृद्ध स्त्री-पुरुषांकडून रानातील जनावरांची नावे, त्यांच्या आवाजांची नावे, पावलांच्या खुणा, कोणते फळ कोण खातो, हे त्यांच्याच शब्दांत टिपून आणावे. अभयारण्यातील वाड्या-वस्त्यांच्या स्थलांतराची प्रक्रिया सुरू झालेली आहे; घरे हलली की शब्द विखुरतील. कामास मनुष्यबळ नाही असे कार्यकारिणीने म्हणू नये. निवृत्तांची येथे वाण नाही आणि आमच्यातील बहुतेकांस अहवाल लिहिण्याखेरीज दुसरे काही येत नाही.

आणि तोपर्यंत ज्यांच्या माळ्यावर रात्री धावपळ ऐकू येते त्यांनी काठी, विष, फटाके यांपैकी काहीही हाती घेऊ नये. मादी दोन ते पाच पिल्ले घालते; ती हिंडू-फिरू लागली की आपण होऊन जागा सोडते. ती गेल्याची खात्री झाल्यावर, दिवसा नव्हे तर रात्री सारी बाहेर पडल्यानंतर, कौलांखालील भोक बुजवावे. परसात उंबर असेल तर तो तोडू नये.